गॅम्बिया: नदीच्याच आकाराचा देश

आफ्रिकेचा नकाशा उघडून पश्चिम टोकाला बघा, सेनेगल देशाच्या पोटात बोट खुपसल्यासारखी एक बारीक वाकडीतिकडी पट्टी दिसेल, तो गॅम्बिया. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा हा सगळ्यात छोटा देश, क्षेत्रफळ जेमतेम ११,३०० चौ. किमी आणि लोकसंख्या साधारण २४ लाख. लांबी ३०० किमीच्या वर पण रुंदी कुठेच ५० किमीपेक्षा फारशी जास्त नाही, तीन बाजूंनी सेनेगल आणि चौथ्या बाजूला अटलांटिक महासागराचा छोटासा किनारा. मधोमध गॅम्बिया नदी. खरं सांगायचं तर आधी नदी आणि मग तिच्या दोन काठांना चिकटलेला देश असाच हा प्रकार आहे, आणि इथलं काहीही समजून घ्यायचं तर नदीपासूनच सुरुवात करावी लागते.

नदी उगम पावते गिनी देशातल्या फुटा जालोन डोंगराळ भागात आणि ११०० किमीच्या वर वाहत येऊन राजधानी बांजुलजवळ समुद्राला मिळते. देश इतका सपाट की सगळ्यात उंच जागासुद्धा ६० मीटरच्या आसपास, त्यामुळे भरतीचं पाणी खूप आत शिरतं, कोरड्या मोसमात खारेपणा २०० किमीपेक्षाही आत जातो. मग खालच्या भागात दोन्ही काठांना खारफुटी, आणि वर गेलं की गोडं पाणी आणि भाताची खाचरं. भातशेती मुख्यत्वे बायकांच्या हातात आहे, आणि खारं पाणी आत सरकलं की खाचरं पडीक होतात, त्याचा पहिला फटका त्यांनाच. पाऊस जून ते ऑक्टोबर, बाकी वर्ष कोरडं. भुईमूग हे इथलं मोठं नगदी पीक, १९ व्या शतकापासून निर्यातीचा कणाच तो.

सीमारेषा अशी का, यावर तिथे एक गोष्ट सांगतात की इंग्रजांनी नदीतून बोट नेत दोन्ही बाजूंना तोफा डागल्या आणि गोळा पडला तिथपर्यंत आपलं म्हटलं. गोष्ट छान आहे पण खरी नाही. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये इंग्रज आणि फ्रेंच अधिकारी बसले आणि नदीच्या दोन्ही बाजूंना साधारण १० किमी अंतर धरून नकाशावर रेषा ओढली, तिथल्या माणसांना कुणी काही विचारलं नाही. त्याआधी तर इंग्लंड ही वसाहत फ्रान्सला देऊन बदल्यात दुसरीकडची जागा घ्यायच्या विचारात होतं, ते जमलं नाही म्हणून हा देश आज वेगळा आहे. मांडिंका, फुला, वोलोफ, जोला, सेराहुले हे समाज मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंना आहेत, एकाच घरातले भाऊ, एक इकडे इंग्रजी शाळेत गेलेला, दुसरा तिकडे फ्रेंच.

इंग्रजांच्याही आधी हा भाग माली साम्राज्याच्या प्रभावाखाली होता, पोर्तुगीज १४५० च्या दशकात आले. नदीच्या मुखापासून थोडं आत एक बेट आहे, त्यावर १६५१ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या कुरलँड नावाच्या छोट्या संस्थानाने किल्ला बांधला, तो दहा वर्षांत इंग्रजांनी घेतला आणि बेटाचं नाव जेम्स आयलंड पडलं. इथून माणसं जहाजात कोंबून अटलांटिकपार विकायला नेली. आज तिथे पडक्या भिंती आणि गोरखचिंचेची झाडं उरलीत, बेट लाटांनी झिजून बरंच लहान झालंय. २००३ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं आणि २०११ मध्ये नाव बदलून कुंटा किंते बेट झालं, गुलाम म्हणून नेलेल्या मांडिंका तरुणाचं हे नाव एका कादंबरीमुळे जगभर पोचलं होतं. इंग्लंडने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि तोच व्यापार अडवायला १८१६ मध्ये नदीच्या तोंडावर बाथर्स्ट शहर वसवलं, तेच आजचं राजधानीचं बांजुल, हे नाव १९७३ पासून.

१८ फेब्रुवारी १९६५ ला स्वातंत्र्य, १९७० मध्ये प्रजासत्ताक. पहिले पंतप्रधान आणि मग राष्ट्राध्यक्ष दावदा जावारा हे पेशाने गुरांचे डॉक्टर. १९८१ मध्ये त्यांच्याविरुद्ध बंड झालं ते सेनेगलच्या सैन्याने मोडलं, त्यातून १९८२ मध्ये दोन देशांचा सेनेगॅम्बिया संघ झाला पण १९८९ मध्ये तो मोडला. मग जुलै १९९४ मध्ये २९ वर्षांच्या लेफ्टनंट याह्या जामेने सत्ता बळकावली आणि पुढची २२ वर्षं देशाने भीतीत काढली. पत्रकार देइदा हायदारा यांना २००४ मध्ये गोळ्या घातल्या, माणसं गायब व्हायची, २०० हून जास्त मृत्यूंचा हिशोब नंतरच्या सत्यशोधन आयोगाने सगळ्यांसमोर मांडला.

आता मतदान, कारण इथली पद्धत जगात वेगळी आहे. साक्षरता कमी म्हणून १९६० च्या दशकात गोट्यांनी मत द्यायची रीत आली. प्रत्येक उमेदवाराचा एक पत्र्याचा ड्रम, त्याच्या पक्षाच्या रंगाचा, वर फोटो. मतदार आडोशाला जाऊन आपल्या उमेदवाराच्या ड्रमच्या नळीत काचेची एक गोटी सोडतो, आत घंटी असते, टण् वाजते. एकदाच वाजली पाहिजे, दोनदा वाजली तर बाहेर बसलेल्यांना लगेच कळतं. तळाला वाळू किंवा भुसा घालतात म्हणजे गोटी पडल्याचा वेगळा आवाज येऊ नये, आणि त्या दिवशी केंद्राजवळ सायकल आणायला बंदी, कारण सायकलची घंटीही तशीच वाजते. मोजणी भोकं पाडलेल्या ट्रेमध्ये गोट्या भरून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. १ डिसेंबर २०१६ ला याच गोट्यांनी जामे हरला आणि अदामा बॅरो जिंकले. जामेने आधी हार मान्य केली, मग फिरला, तेव्हा बॅरोंनी १९ जानेवारी २०१७ ला सेनेगलची राजधानी डाकारमधल्या गॅम्बियाच्या वकिलातीत शपथ घेतली, पश्चिम आफ्रिकी देशांचं सैन्य सीमेत शिरलं आणि दोन दिवसांत जामे देश सोडून गेला.

राज्यघटना अजून १९९७ चीच. राष्ट्राध्यक्ष थेट निवडून, मुदत ५ वर्षं, पण किती वेळा उभं राहायचं याला मर्यादा नाही, आणि ती घालू पाहणारा नवा मसुदा २०२० मध्ये संसदेत पडला, ही फार मोठी संधी गेली. संसदेत ५८ सदस्य, ५३ निवडून आलेले आणि ५ राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. बांजुलमधली संसदेची इमारत भारताच्या सवलतीच्या कर्जातून उभी राहिली आहे. खाली पाच विभाग, शिवाय बांजुल आणि कानिफिंग, जिल्ह्याला सेफो म्हणजे प्रमुख आणि गावाला अल्कालो, म्हणजे आपल्याकडच्या पाटलासारखा, जमिनीची भांडणं आधी त्याच्याकडेच जातात.

नदीने देश घडवला तसाच मधोमध कापलाही. सेनेगलच्या उत्तरेकडून सेनेगलच्याच दक्षिणेकडच्या कासामान्स भागात जायचं तर गॅम्बिया आडवा येतो, ट्रक फेरीबोटीसाठी दिवसेंदिवस रांगेत उभे राहायचे, नाहीतर अख्ख्या देशाला वळसा. जानेवारी २०१९ मध्ये फाराफेन्नीजवळ पूल सुरू झाला आणि दोन्ही काठ रस्त्याने जोडले गेले. मुखाजवळ बांजुलहून समोरच्या काठावरच्या बारा नावाच्या गावाला जायला मात्र अजून फेरीच, माणसं, बकऱ्या, भाजीच्या पाट्या, गाड्या सगळं एकाच बोटीत.