एक्सटेन्शनमुळे वाढणारा सीपीयू

ब्राउझरला जोडलेलं एखादं एक्सटेन्शन, म्हणजे वरून टाकलेलं छोटं सॉफ्टवेअर, प्रोसेसर (सीपीयू) खायला लागलं की ते नेमकं कुठलं हे शोधायचं आणि त्याचा बंदोबस्त करायचा, एवढाच या नोंदीचा विषय. लक्षणं सगळ्यांना माहिती आहेत, पंखा घरघरतो, मांडीवर लॅपटॉप ठेवला तर चटका बसतो, टाईप केलेलं अक्षर उशिरा उमटतं, चर्चगेटला फुल असलेली बॅटरी बोरिवलीच्या आत निम्मी झालेली असते. एक्सटेन्शनला 'विस्तारक' म्हणता येईल पण बोलताना कोणी म्हणत नाही, म्हणून इथे एक्सटेन्शनच ठेवलंय.

पहिलं एक्सटेन्शन कुठल्या ब्राउझरचं यावर एकमत नाही. काहीजण नेटस्केप नॅव्हिगेटर २ च्या प्लगइनपासून, म्हणजे साधारण १९९५-९६ पासून मोजतात. पण या दोन वेगळ्या जाती आहेत. प्लगइन पानातल्या एका चौकटीत स्वतःचा संसार मांडायचा (फ्लॅश आठवत असेलच), आणि एक्सटेन्शन ब्राउझरच्याच वागण्यात हात घालतं. हा फरक धरला तर मान इंटरनेट एक्सप्लोरर ४ ला, म्हणजे १९९७ ला जातो, आणि तेच जास्त पटण्यासारखं आहे. फायरफॉक्स २००४ ला आला तोच एक्सटेन्शन घेऊन. क्रोमसाठी कुठे २००९ दिसतं कुठे २०१०, त्यात भांडण काही नाही, बीटामध्ये (चाचणीच्या आवृत्तीत) डिसेंबर २००९ ला आली आणि स्टेबलमध्ये (सगळ्यांसाठीच्या पक्क्या आवृत्तीत) जानेवारी २०१० ला.

निदानाचा इतिहास मात्र एक्सटेन्शनच्या जन्मापासून मोजण्यात अर्थ नाही. तो खरा सुरू होतो सप्टेंबर २००८ ला, कारण तेव्हा क्रोम आला तो वेगवेगळ्या टॅबना वेगवेगळी प्रोसेस (कामाचा स्वतंत्र कप्पा) देत आणि स्वतःचा टास्क मॅनेजर, म्हणजे कुठली प्रोसेस किती सीपीयू खातेय याची यादी, घेऊन. त्याआधी अख्खा ब्राउझर एकाच प्रोसेसमध्ये चालायचा, मग तापलं तर दोष कोणाला द्यायचा हे अंदाजपंचेच. फायरफॉक्सने प्रोसेस वेगळ्या करायला २०१६ मध्ये, ४८ व्या आवृत्तीपासून सुरुवात केली. आज क्रोम आणि एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की यादी उघडते, मॅकवर ती मेनूतून उघडावी लागते, फायरफॉक्समध्ये ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट', कोलन आणि 'प्रोसेसेस' असं टाईप करायचं.

आकडे वाचताना एक घोळ होतो. विंडोजचा टास्क मॅनेजर अख्ख्या मशीनला १०० धरतो, त्यामुळे ८ लॉजिकल कोअरच्या मशीनवर एक धागा (थ्रेड, एका वेळी एकाच कोअरवर चालणारं काम) पूर्ण अडकलेला असला तरी तिथे जेमतेम १२-१३ टक्के दिसतात आणि माणूस म्हणतो की काही विशेष नाही. मॅकवर एका कोअरचेच १०० मोजतात, तिथे आकडा २०० च्याही वर गेलेला दिसू शकतो. आजार तोच असतो, फक्त थर्मामीटर वेगळा.

आता मुख्य गोष्ट, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. टास्क मॅनेजरमध्ये 'एक्सटेन्शन' असं लिहून पुढे नाव असलेली ओळ दिसते, ती फक्त एक्सटेन्शनच्या मागच्या बाजूला चालणाऱ्या कामाची असते. एक्सटेन्शनचा दुसरा भाग, ज्याला कंटेंट स्क्रिप्ट म्हणतात, तो प्रत्येक पानात शिरून पानाच्याच प्रोसेसमध्ये चालतो आणि त्याचं बिल टॅबच्या नावावर फाटतं. म्हणजे एक्सटेन्शनच्या ओळीवर शून्य आणि वेबसाइटच्या ओळीवर शंभर. बघणारा वेबसाइटला शिव्या घालतो आणि खरा गुन्हेगार तिसऱ्याच्या खात्यावर जेवत असतो.

समजा डोंबिवलीत घरून ट्रेडिंग करणारे एक काका आहेत. सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की त्यांच्या लॅपटॉपचा पंखा सुरू होतो आणि दुपारी साडेतीनला बाजार बंद झाला की आपोआप शांत. सगळे म्हणणार ब्रोकरची साइट जड आहे. पण त्यांनी डोळ्यांना त्रास नको म्हणून डार्क मोडचं एक एक्सटेन्शन टाकलंय आणि ते पानावर काहीही बदललं की सगळं पान पुन्हा तपासून रंग बसवतं. भाव तर सेकंदाला कितीतरी वेळा हलतात, प्रत्येक हलण्याला पूर्ण झाडू. साडेतीननंतर आकडे थांबतात म्हणून झाडूही थांबतो. अशी वेळेची किंवा एखाद्याच पानाची संगती दिसली तर कंटेंट स्क्रिप्टवर संशय घ्यायला हरकत नाही.

तांत्रिकदृष्ट्या हा म्युटेशन ऑब्झर्व्हरचा खेळ आहे, पानात बदल झाला की हाक मारणारी सोय. शब्द बदलणारं किंवा शब्द रंगवणारं एक्सटेन्शन स्वतःच बदल करतं, त्या बदलाची हाक पुन्हा त्यालाच येते, ते पुन्हा बदल करतं, आणि लिहिणाऱ्याने काळजी घेतली नसेल तर हे चक्र थांबतच नाही. दोन एक्सटेन्शन एकमेकांचं काम खोडत बसली तरी तेच होतं. दुसरं कारण म्हणजे रेग्युलर एक्सप्रेशन, मजकुरात ठरावीक नमुना शोधायची सोय, वाईट लिहिलेला नमुना लांबलचक मजकुरावर पडला की शक्यता मोजता मोजता प्रोसेसर तिथेच रुतून बसतो. मागच्या बाजूला सतत वाजणारे टायमर हे तिसरं, पण मॅनिफेस्ट व्ही ३ (एक्सटेन्शन कशी बांधायची याचे नवे नियम) आल्यापासून क्रोममध्ये कायम जागं राहणारं बॅकग्राउंड पेज गेलं, त्याजागी सर्व्हिस वर्कर आला आणि तो काम नसेल तर साधारण ३० सेकंदात झोपतो. कंटेंट स्क्रिप्टला मात्र या सुधारणेचा काही उपयोग नाही, ती पान उघडं आहे तोवर तिथेच.

मुद्दाम केलेली चोरी हा वेगळा प्रकार. सप्टेंबर २०१७ मध्ये कॉइनहाइव्ह सुरू झालं, दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये मोनेरो हे क्रिप्टोचलन खणणारं, आणि लगोलग काही एक्सटेन्शनमध्ये ते घुसवलेलं सापडलं. गूगलने एप्रिल २०१८ मध्ये खाणकाम करणारी एक्सटेन्शन दुकानात घेणं बंद केलं, कॉइनहाइव्ह मार्च २०१९ ला बंद पडलं. चांगलं एक्सटेन्शन विकलं जाऊन बिघडणं हेही होतं, द ग्रेट सस्पेंडरचं उदाहरण घ्या, ते मुळात टॅब झोपवून मशीन हलकं करायचं, २०२० मध्ये नवीन मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून काढलं. कालपर्यंत नीट चालणारं आज का तापवतंय याचं उत्तर कधीकधी मालक बदलण्यात असतं.

शोधायची पद्धत तशी साधी आहे. तेच पान इन्कॉग्निटोमध्ये उघडायचं, तिथे परवानगी दिल्याशिवाय एक्सटेन्शन चालत नाहीत, आणि शांत वाटलं तर एक्सटेन्शनच. फक्त लॉगिन पुन्हा करायचं, नाहीतर तुलना लॉगिनच्या पानाशी होते आणि निष्कर्ष चुकतो. फायरफॉक्समध्ये यासाठी ट्रबलशूट मोड आहे, पूर्वी त्याला सेफ मोड म्हणायचे. मग अर्धी एक्सटेन्शन बंद करून बघायचं, पान रिलोड करायचं (हे विसरलं तर आधीच शिरलेली स्क्रिप्ट पानात तशीच राहू शकते), त्रास गेला तर चोर बंद केलेल्या अर्ध्यात, नाहीतर उरलेल्यात. १६ असतील तर चार फेऱ्यांत एक हाती लागतं. दोघांच्या भांडणाची केस असेल तर ही युक्ती चकवते, दोघं वेगवेगळ्या अर्ध्यात पडले की कुठलाही अर्धा बंद केला तरी त्रास जातो. ज्याला खात्री हवी त्याने डेव्हटूल्सच्या (ब्राउझरमधल्याच डेव्हलपरसाठीच्या साधनांच्या) परफॉर्मन्समध्ये दहा सेकंद रेकॉर्ड करावं, वेळ खाणाऱ्या फंक्शनच्या पत्त्यात एक्सटेन्शनचा आयडी दिसतो, क्रोममध्ये तो ३२ अक्षरांचा असतो. चोर सापडल्यावर काढूनच टाकायला पाहिजे असं नाही, त्याच्या सेटिंगमधल्या साइट ॲक्सेसमध्ये 'क्लिक केल्यावरच' असं ठेवलं तरी पुष्कळदा भागतं. ॲडब्लॉकरला सगळ्यात आधी उडवायची घाई करू नये, जाहिरातींचा भार तोच अडवत असतो, आणि तो काढल्यावर सीपीयू वाढलेला दिसणं अगदी शक्य आहे.

मुंबईत यावरचा रूढ उपाय वेगळाच. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, मशीन नेलं की काउंटरवरचा पोरगा टास्क मॅनेजर उघडायच्या आधी 'विंडोज मारावं लागेल', म्हणजे फॉरमॅट करून विंडोज पुन्हा टाकावं लागेल, म्हणून मोकळा होतो. पंखा साफ करणं, थर्मल पेस्ट बदलणं याने ताप खरंच कमी होतो, धूळ आपल्याकडे कमी नाही, पण प्रोसेसरवरचं काम तेवढंच राहतं. आणि फॉरमॅटचं तर असं की घरी येऊन त्याच अकाउंटने साइन इन करून सिंक चालू केलं की बुकमार्कसोबत सगळी एक्सटेन्शनही गुपचूप परत येतात, त्यातला चोरही, आणि दोन दिवसांनी पंखा पुन्हा सुरू.

फोनवर हा प्रश्न कमी. अँड्रॉइडच्या नेहमीच्या क्रोमला एक्सटेन्शनच नाहीत, आयफोनच्या सफारीला ती आयओएस १५ पासून म्हणजे २०२१ पासून, आणि अँड्रॉइडच्या फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ मध्ये दार बरंच मोकळं केलं. तिथेही बंद करून बघणं हाच सोपा मार्ग.