मागच्या बाकावर बसलेला सहकारी

नेट किंवा सेट उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला महाविद्यालयात शिकवण्यासाठी बी.एड.सारख्या प्रशिक्षणाची अट नसते. पुढे ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर कोर्स होतात. पण वर्गाचे दार एकदा लागले, की आत काय चालते हे विद्यार्थ्यांखेरीज कोणी पाहत नाही, आणि विद्यार्थी सहसा तोंडावर काही सांगत नाहीत. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या ९४ टक्के अध्यापकांनी आपले शिकवणे सरासरीपेक्षा सरस असल्याचे सांगितले होते. हा खोटेपणा नसावा. ज्याच्याशी तुलना करायची तो दुसऱ्याचा तास त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलाच नसणार.

ही कोंडी फोडण्याचा एक उपाय म्हणजे पीअर कोचिंग, अर्थात एकमेकांच्या वर्गात बसून केलेले सहकारी मार्गदर्शन. अमेरिकी शिक्षणसंशोधक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी शाळाशिक्षकांसाठी त्याची मांडणी केली. कार्यशाळेत शिकलेली नवी पद्धत वर्गात क्वचितच उतरते, मात्र सहकाऱ्याची सोबत असेल तर ती टिकते, असे त्यांना आढळले. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा नंतरचा निर्णय. तास पाहिल्यावर अभिप्राय देण्याची प्रथा त्यांनी चक्क सोडून दिली, कारण अभिप्राय देता देता सहकाऱ्याचा नकळत पर्यवेक्षक होत असे आणि दोघांमधले सहकार्यच संपत असे. १९९६च्या लेखात तर त्यांनी भूमिका उलट्या केल्या: जो शिकवतो तो मार्गदर्शक आणि जो मागे बसून पाहतो तो शिकणारा.

मग पाहणाऱ्याने करायचे काय? मत राखून ठेवायचे आणि नोंद करायची. मिशेल स्मिथ, नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘कोपस’ नावाचा एक तक्ता प्रसिद्ध केला. त्यात दर दोन मिनिटांच्या रांगेत अध्यापक काय करतो आहे आणि विद्यार्थी काय करत आहेत, एवढेच २५ ठरावीक खुणांपैकी लागू पडतील त्यांनी दाखवायचे असते. चांगले-वाईट ठरवायचे नसते. पन्नास मिनिटांच्या तासाच्या २५ रांगा होतात. समजा, त्यांपैकी २२ रांगांत ‘अध्यापक बोलतो, विद्यार्थी ऐकतात’ हीच खूण आली, तर ‘मी बरेच प्रश्न विचारतो’ असे मानणाऱ्या प्राध्यापकाला कोणी काही समजावण्याची गरज उरत नाही. असे वर्ग अपवादात्मकही नाहीत: याच तक्त्याने उत्तर अमेरिकेतील दोन हजारांहून अधिक विज्ञान-तंत्रज्ञानाच्या तासांची नोंद झाली तेव्हा निम्म्याहून अधिक तासांत ८० टक्के किंवा त्याहून जास्त वेळ व्याख्यानाचाच निघाला.

दोन मिनिटांच्या रांगेत न मावणारी एक गोष्ट मात्र साध्या घड्याळानेही टिपता येते. ‘समजलं ना?’ असे विचारून सर फळ्याकडे वळतात, पहिल्या बाकावरून ‘हो सर’ येते आणि पुढचे समीकरण सुरू होते. अमेरिकी विज्ञानशिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शालेय विज्ञानाच्या वर्गांत मोजले, तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबत होते. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरे लांबली आणि गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. शिकवणाऱ्याला तो एक सेकंद पुरेसा मोठा वाटतो, म्हणूनच घड्याळ दुसऱ्याच्या हाती हवे.

या साऱ्याला मर्यादा आहेत. शाळाशिक्षकांना दिलेल्या मार्गदर्शनाच्या ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात अध्यापनात चांगली सुधारणा दिसली, विद्यार्थ्यांच्या निकालांत त्याहून कमी, आणि उपक्रमाचा पसारा वाढला तसा परिणाम ओसरला. आपल्याकडे तर पाहणीचा कागद पदोन्नतीच्या फाइलला लागेल ही भीती पहिल्याच दिवशी उभी राहते, आणि मग प्राध्यापक त्या तासापुरते ठेवणीतले व्याख्यान काढतात. म्हणून भरलेला तक्ता शिकवणाऱ्याच्याच हाती द्यावा, पाहणाऱ्याने त्याची प्रत ठेवू नये आणि पुढच्या आठवड्यात बाकावर बसण्याची पाळी दुसऱ्याची असावी.