आधी वापसा, मग झाडं

पुण्यात सहकारनगरला माझ्या आत्याचा बंगला आहे, पुढेमागे मिळून हजारेक स्क्वेअर फूट मोकळी जागा, आणि काका गेल्यापासून सहा-सात वर्षं तिकडे कुणी धड बघितलंच नव्हतं. मागच्या वर्षी मे महिन्यात गेले तर वाळलेल्या गाजरगवताचं रान, कंपाउंडला सुबाभळीची दाटी, कधीच्या तरी रिपेअरिंगचा राडारोडा कोपऱ्यात तसाच, आणि मधोमध एक जास्वंद, तिची पानं पिवळी पडलेली, फक्त शिरा तेवढ्या हिरव्या. आत्याचं म्हणणं, नर्सरीतून टेम्पोभर रोपं आणू, लॉन टाकू, गणपतीपर्यंत बाग तयार. मी म्हटलं आत्या थांब, आधी मला एक खड्डा खणू दे.

हा खड्डा म्हणजे बागेची पहिली तपासणी, आणि ती फुकट होते. फूटभर खोल खणायचं, पाणी भरायचं, ते पूर्ण जिरू द्यायचं, परत भरायचं आणि मग पट्टी लावून बघायचं की तासाला किती उतरतंय. इंचभर उतरलं तर बहुतेक झाडांना चालतं. आमच्याकडे दुसऱ्यांदा संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळी जवळजवळ तेवढंच होतं.

आता हे का होतं ते बघा. पुण्याखालचा सगळा खडक बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो झिजून जी काळी माती होते तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याचे एकावर एक रचलेले अतिसूक्ष्म पापुद्रे असतात आणि पाणी थेट त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं, म्हणून ही माती पावसात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग मोजला तर 700 चौरस मीटरपर्यंत भरतो, म्हणजे चिमूटभर खनिजात साडेसात हजार स्क्वेअर फूट! काळी माती पाणी आणि खतं एवढी धरून ठेवते ती यामुळेच, त्यामुळे तिला वाईट म्हणणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. वाईट असते ती दाबलेली माती. आत्याकडे खाली मुरूम, वर बांधकामाच्या वेळी कुठून तरी आणून टाकलेली काळी माती, आणि त्यावरून विटा-वाळूच्या गाड्या गेलेल्या. सात-आठ इंचांवर पहार मारली की ठण्ण आवाज यायचा.

मुळांना नुसतं पाणी पुरत नाही, श्वासही घ्यावा लागतो. ऑक्सिजन हवेतून जितका भरभर पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पटीने हळू पाण्यातून पसरतो, म्हणजे मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं अक्षरशः गुदमरतात, आणि वर पानं सुकल्यासारखी दिसतात म्हणून आपण आणखी पाणी घालतो. आपल्याकडे शेतकऱ्यांचा एक फार सुंदर शब्द आहे, वापसा. पाऊस पडून गेल्यावर जादा पाणी निचरून जातं, बारीक पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा अशी स्थिती येते, तो वापसा. हातात मूठभर माती घेऊन दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा. बाग सुधारायची म्हणजे पावसानंतर वापसा लवकर येईल आणि जास्त दिवस टिकेल अशी जमीन करायची, झाडं त्याच्या नंतर.

खणायचं तेही वापशावरच. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली की ती लिंपल्यासारखी होते आणि वाळल्यावर वीट.

पहिल्या पावसानंतर आधी गाजरगवत. हे खरं तर गवतच नाही, सूर्यफुलाच्या कुळातलं झाड आहे, मूळचं अमेरिका खंडातलं, आणि भारतात त्याच्याकडे लक्ष गेलं ते 1955-56 च्या सुमारास आपल्या पुण्यातच. एका झाडापासून हजारोंनी बिया तयार होतात आणि ते आजूबाजूच्या रोपांची वाढ रोखणारी रसायनं सोडतं, त्यामुळे फुलायच्या आत, माती ओली असताना मुळासकट उपटायचं. हातमोजे आणि पूर्ण बाह्या पाहिजेतच, त्वचेची अ‍ॅलर्जी आणि दमा दोन्ही होऊ शकतं. पावसाळ्यात याच्या पानांवर पिवळसर पांढरे, तपकिरी रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर मारू नका प्लीज, हे मेक्सिकोतून मागवलेले, 1984 मध्ये बंगळुरूला सोडलेले, तिथून देशभर पसरले आणि मुख्यतः हेच गवत खातात.

मग माळीकाका म्हणाले, ताई, चार ब्रास वाळू टाका, माती मोकळी होईल. काकांचा अनुभव मोठा आहे पण इथे मी नाही म्हटलं, कारण चिकण मातीत थोडी वाळू मिसळली तर वाळूच्या कणांमधल्या जागा मातीने भरून जातात आणि पहिल्यापेक्षा घट्ट मिश्रण तयार होतं, फरक पडायला जवळजवळ निम्मी वाळू लागेल. कुंडीच्या तळाला निचऱ्यासाठी खडी घालतात, तेही असंच चुकीचं. बारीक मातीतलं पाणी केशाकर्षणाने धरलेलं असतं, खाली मोठ्या पोकळ्या आल्या की ते वरची माती पूर्ण भिजेपर्यंत खाली उतरतच नाही, म्हणजे ओला थर उलट मुळांच्या जवळ सरकतो. आणि काळ्या मातीत खड्डा करून त्यात नुसतं कोकोपीट-शेणखत भरणं म्हणजे झाडासाठी बादली पुरणं, चारी बाजूंचं पाणी त्यात येऊन साठतं. खड्ड्यात तिथलीच माती परत घालायची, खत वरून पसरायचं.

आम्ही एवढंच केलं. राडारोडा उचलून नेला, वापसा आल्यावर पहारीने तो कडक थर जागोजागी फोडला, उलटापालट न करता, आणि वर तीन इंच कंपोस्ट. जमिनीचा उतार भिंतीपासून लांब काढला. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, तर हजार स्क्वेअर फुटांवर 65 हजार लिटर, म्हणजे दहा हजारी साडेसहा टँकर पाणी दरवर्षी त्या एवढ्याशा जागेत पडतं आणि बहुतेक घरांतून ते गटारात जातं! सिमेंटचा पाथवे काढून तिथे शहाबादी फरशा वाळूवर बसवल्या, मधे बोटभर फट ठेवून, आणि उताराच्या शेवटी एक उथळ खोलगट भाग केला जिथे पाणी थांबून जिरेल.

सुबाभळीच्या फांद्या आणि आंब्याचा पालापाचोळा जाळू दिला नाही, सगळा आच्छादन म्हणून वर अंथरला, तीन-चार इंच, खोडाला न चिकटवता. हा पाला मातीत गाडायचा नाही हे महत्त्वाचं, कारण त्यात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन कमी, तो कुजवणारे जिवाणू मातीतला नायट्रोजन ओढून घेतात आणि झाडं पिवळी पडतात. वर ठेवला तर बाष्पीभवन कमी होतं आणि खालून गांडुळं तो हळूहळू नेतात. बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा चिकट स्राव मातीचे कण बांधून रवाळ करतात, त्या रव्यांच्या मधल्या फटी म्हणजेच निचरा. हे काम कुठलंही यंत्र करू शकत नाही, वेळ द्यावा लागतो.

जास्वंदीचं कोडंही राडारोड्यातच होतं. सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी होते, तशी काळी माती मुळात 7.5 ते 8.5 सामूची (pH) असतेच, आणि अशा मातीत लोह भरपूर असूनही विरघळत नाही, त्यामुळे कोवळी पानं शिरा सोडून पिवळी. तिच्या बुडातला चुना-विटांचा चुरा काढला आणि कंपोस्ट घातलं, नवी पालवी दिवाळीपर्यंत हिरवी यायला लागली.

त्या वर्षी आम्ही नवीन एकही झाड लावलं नाही, आत्या जरा नाराज होती. यंदा जूनमध्ये दोन पाऊस झाल्यावर तिनेच त्याच जागी खड्डा खणून घेतला, पाणी भरलं, शाळेतली लाकडी पट्टी घेऊन पाटावर बसली. तासाला दीड इंच.

मग नर्सरीत गेलो आणि सहाच रोपं आणली. कुंपणापाशी बहावा, सावलीत अडुळसा, उन्हात निर्गुंडी आणि पारिजातक, स्वयंपाकघराच्या मागे कढीपत्ता आणि लिंबू. लिंबावर ब्लू मॉरमॉन अंडी घालतं, 2015 पासून आपलं राज्य फुलपाखरू, त्याच्या छोट्या अळ्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात म्हणून लोक फवारणी करून टाकतात. आत्याला फोटो दाखवून ठेवलाय. लॉनची जागा अजून मोकळीच आहे, पाणी घालण्यात जाणारा वेळ आणि आंब्याची सावली बघता मला तिथे लॉन नको वाटतं, पण पावसाळाभर तिथे किती ऊन येतं ते आत्या रोज वहीत लिहितीये, लॉनचं ऑक्टोबरमध्ये ती वही बघून ठरवू.