दांड्या फुल, नेटवर्क गुल

रेंजच्या सगळ्या दांड्या फुल दिसतायत आणि तरी कॉल लागत नाहीये, असं झालं की आपण सरळ म्हणतो, लोक व्हिडिओ बघत बसलेत, दुसरं काय. पण बऱ्याचदा व्हिडिओ बिचारा निर्दोष असतो. नेटवर्कचा जीव जातो तो सिग्नलिंगमध्ये, म्हणजे फोन आणि नेटवर्क यांच्यात आपल्या नकळत चाललेल्या निरोपानिरोपीत.

खिशातला फोन बॅटरी वाचवायला रेडिओ कनेक्शन सोडून झोपलेला असतो. तेवढ्यात एखाद्या चॅट ॲपला सर्व्हरला कळवायचं असतं, "मी आहे बरं का". मजकूर जेमतेम काही बाइट्सचा. पण त्यासाठी फोनने आधी टॉवरकडे कनेक्शन मागायचं, टॉवरने ते द्यायचं, ओळख पटायची, एन्क्रिप्शन, म्हणजे संदेश गुप्त ठेवणारं कुलूप, चालू व्हायचं, डेटाचा मार्ग उघडायचा, मग ते चार शब्द जाणार आणि काही सेकंदांत सगळं परत आवरून ठेवायचं. नाकापेक्षा मोती जड! त्यात अशी दहा-बारा ॲप्स, प्रत्येकाची वेळ वेगळी. व्हिडिओ उलट एकदा कनेक्शन घेतो आणि गपगुमान चालत राहतो.

2 जुलै 2022 ला जपानच्या केडीडीआय या मोबाइल कंपनीत रात्रीच्या मेंटेनन्समध्ये राउटरच्या (डेटाला वाट दाखवणाऱ्या यंत्राच्या) सेटिंगची चूक झाली आणि व्हॉइस कॉल साधारण 15 मिनिटं अडले. चूक लगेच मागे घेतली, पण तोवर सगळे फोन नेटवर्ककडे पुन्हा नोंदणी मागायला धावले, उत्तर नाही आलं की परत मागायचं, परत नाही आलं की परत, आणि त्या रेटारेटीत ग्राहकांच्या नोंदींचा डेटाबेसही गोंधळला. 15 मिनिटांचं दुखणं 60 तासांहून जास्त पुरलं. हॅकर वगैरे कुणी नाही हं, सगळे आपलेच फोन.

आता हेच कुणी व्हायरस घातलेल्या हजारो फोनकडून मुद्दाम करवलं तर? शक्य आहे. पण मला त्याहून भीती वाटते ती नेटवर्कच्या भोळेपणाची. एसएस7 नावाची सिग्नलिंगची पद्धत 1970-80 च्या काळातली, तेव्हा मोजक्याच टेलिफोन कंपन्या होत्या आणि सगळ्या एकमेकींच्या ओळखीच्या. त्यामुळे एक नेटवर्क दुसऱ्याला म्हणालं, तुझा ग्राहक माझ्याकडे रोमिंगला आलाय, की दुसरं मान डोलावणार आणि त्याचे एसएमएस तिकडे पाठवणार. खरंच आलाय का, हे तपासायची सोयच त्यात ठेवली नव्हती. 2017 मध्ये जर्मनीत चोरांनी नेमकं हेच वापरलं. बँकेचे पासवर्ड आधी मालवेअरने उचलले, मग ओटीपीचे एसएमएस स्वतःकडे वळवून खाती रिकामी केली. ग्राहकाचा फोन हातातच, सिमही जागेवर.

कंपन्या आता असे निरोप गाळायला फायरवॉल लावतात. पण 2जी या जुन्या पिढीच्या नेटवर्कमध्ये फोनला टॉवरपुढे ओळख पटवावी लागते, टॉवरला फोनपुढे नाही, म्हणून खोटा टॉवर उभा करणं जमतं. अँड्रॉइड 12 पासून बऱ्याच फोनमध्ये 2जी बंद करायचं बटण आलंय, सेटिंगमध्ये जरा खोल दडवलेलं असतं एवढंच.