राइज वेगळं, वाइज वेगळं

गणपती उठले की पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर हटकून एक प्रश्न येतो: ‘राइजच्या पोर्टलवर आपलं कॉलेजच दिसत नाही, कोणाला दिसलं का?’ दिसणार नाही. राइज जर्मनी आपल्यासाठी नाहीच.

डाड या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेचा हा उन्हाळी संशोधन इंटर्नशिपचा कार्यक्रम गेली अनेक वर्षं चालू आहे. तो अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या विद्यापीठांत पदवीला असलेल्यांसाठी आहे. इथे पासपोर्ट नव्हे, विद्यापीठ बघतात. त्यामुळे टोरांटोत शिकणारा तुमचा मावसभाऊ अर्ज करू शकतो, कर्वे रोडवर शिकणारे तुम्ही नाही. ‘राइज वर्ल्डवाइड’ हे आणखी वेगळं प्रकरण: त्यातून जर्मनीत शिकणारी मुलं बाहेरच्या देशांत जातात, भारतातही येतात. भारतात शिकणाऱ्यांसाठी आहे ते वाइज, डाडचाच दुसरा कार्यक्रम. दोन्हींत उन्हाळ्यातले दोन-तीन महिने, जर्मन लॅब आणि विद्यावेतन असतं, म्हणून माणसं फसतात. पात्रता, रक्कम आणि तारखा दरवर्षीच्या जाहिरातीत बघाव्यात. सीनियरने पाठवलेल्या तीन वर्षांपूर्वीच्या पीडीएफमध्ये नव्हे.

खरा घोळ पुढेच आहे. राइजमध्ये प्रकल्प आधीच तयार असतात. जर्मनीतले पीएचडी करणारे संशोधक आपलं काम यादीत टाकतात, विद्यार्थी त्यातून निवडून अर्ज करतो, आणि जुळलं तर जागा आणि पैसे एकदमच मिळतात. वाइजमध्ये अशी यादीच नाही. जागा तुम्ही शोधायची, प्राध्यापकाचं निमंत्रणपत्र तुम्ही आणायचं, आणि ते अर्जाला जोडायचं. डाड फक्त खर्च उचलतं. तरी लोक ऑक्टोबर उलटेपर्यंत ‘प्रोजेक्ट लिस्ट कधी लागते?’ विचारत बसतात. अर्जाची मुदत साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपते. म्हणजे पत्र ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हातात हवं आणि मेल जुलैपासून जायला हवेत. ऑगस्टमध्ये निम्मं जर्मनी सुट्टीवर असतं. तेव्हा उत्तर आलं नाही तर तो नकार समजू नका. सप्टेंबरमध्ये एकदा, एकदाच, आठवण करा.

मेल कसा लिहायचा? ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारा, ऐंशी जणांना एकाच मजकुराचा मेल पाठवणं थांबवा. तो पहिल्या ओळीतच ओळखू येतो, आणि ‘सर’ म्हणून संबोधलेल्यांत चार-पाच बाई असतातच. आठ-दहा गट नीट निवडा. गटाच्या संकेतस्थळावर सध्या कोण कशावर काम करतंय ते वाचा आणि पीएचडी करणाऱ्यांपैकी एकाचा ताजा शोधनिबंध उघडा. रोजची देखरेख बहुधा त्याच माणसाकडे असते. मग दहा-बारा ओळी: तुम्ही कोण, त्या कामातला कुठला भाग तुम्हाला जमेल (मॅटलॅब येतं म्हणू नका, त्यात काय केलंत ते सांगा), कोणत्या तारखांना याल, आणि विद्यावेतनासाठी वाइजला अर्ज करणार आहात. शेवटचं वाक्य सर्वात महत्त्वाचं. ते नसलं की प्राध्यापकाला वाटतं पगार आपल्याला द्यायचाय, आणि मेल तिथेच मिटतो. सोबत दोन पानी सीव्ही आणि गुणपत्रकं, एकाच फाइलमध्ये.

पत्र आलं की आनंदाआधी तारखा वाचा. लेटरहेड, सही, विषय, देखरेख कोण करणार, आणि ‘अमुक ते अमुक’ असा नेमका काळ हवा. ‘समर’ एवढं चालत नाही. इथेच दुसरी गफलत होते: तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत. १५ मे ते १५ ऑगस्ट हे ९३ दिवस भरतात, कारण पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही धरतात. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा अल्पकाळाचा व्हिसा, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा. म्हणजे १५ मेला उतरलात तर १२ ऑगस्टला बाहेर. त्यापुढे एक दिवस जरी राहायचं तरी जर्मनीचा राष्ट्रीय, म्हणजे लांब मुक्कामाचा, व्हिसा लागतो. तो अर्ज वेगळा आणि वेळखाऊ. प्राध्यापकाला आधीच सांगून पत्रात ८५ दिवस लिहून घेणं शहाणपणाचं. आणि आपली परीक्षा कधी संपते ते बघूनच सुरुवातीची तारीख द्या. सबमिशन आणि ओरल पुढे ढकलले जातातच.

वाइज ठरावीक संस्थांसाठी आहे: आयआयटी, एनआयटी, आयसर अशांची यादी असते. आपली संस्था त्यात नसेल तर नाद सोडा, पण मेल वाया गेले असं नाही. काही गट स्वतःच्या निधीतून मानधन देतात. फक्त तेव्हा पगारी इंटर्नशिप म्हणून जर्मन रोजगार यंत्रणेची संमती लागते का, हे विद्यापीठाच्या कार्यालयाला विचारून घ्या. अशा अभ्यासाशी निगडित इंटर्नशिपसाठी चार सत्रं पूर्ण असावी लागतात, म्हणून दुसऱ्या वर्षातच घाई करू नये.

राहिलं जर्मन. वाइजला ते सक्तीचं नाही, लॅबमध्ये इंग्रजीवर निभावतं. पण ‘ए-वन (जर्मनची पहिली पातळी) नाही म्हणून पत्र आलं नाही’ हा समज जितका चुकीचा, तितकाच ‘इंग्रजी आहे ना, मग कशाला’ हाही. मॅक्स म्युलर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ए-वन करा, सर्टिफिकेटसाठी नव्हे तर वर्कशॉपसाठी. प्राध्यापक इंग्रजी बोलतात, लेथ सांभाळणारा मास्टर बोलेलच असं नाही. यंत्राला हात लावण्याआधी सुरक्षेची माहिती ऐकून सही करावी लागते, आणि न कळता सही करणं हा मूर्खपणा आहे. यंत्रावरच्या लाल बटणावर ‘नोट-आउस’ लिहिलेलं असतं. आपला इंग्रजीला सरावलेला डोळा ते ‘नॉट’ असं वाचतो. त्या ‘नोट’चा अर्थ आणीबाणी.