सागरी प्लवकांची जनुकीय विविधता आणि भौगोलिक वितरण

समुद्राच्या पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या, प्रवाहाविरुद्ध पोहून आपली जागा राखू न शकणाऱ्या सजीवांना प्लवक म्हणतात. विषाणू, जिवाणू, डायाटम (काचेसारखे कवच असलेले एकपेशीय शैवाल), डायनोफ्लॅजेलेट (चाबकासारख्या शेपट्यांचे एकपेशीय सजीव), कोपेपॉड (इवले कवचधारी प्राणी), माशांच्या अळ्या, अगदी मोठे जेलीफिशही यात मोडतात. म्हणजे हा गट नात्यावरून नव्हे, राहणीवरून ठरलेला आहे. ही संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सन यांनी १८८७ मध्ये मांडली. पृथ्वीवरच्या प्राथमिक उत्पादनापैकी जवळपास निम्मे उत्पादन सागरी वनस्पतिप्लवकांकडून होते. कोणता प्लवक कुठे आढळतो याचे नकाशे दीर्घकाळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या आकारांवरून काढले गेले. डीएनए वाचता येऊ लागल्यावर त्यांतले बरेच नव्याने आखावे लागले, कारण एका नावाखाली अनेक वंश निघाले आणि प्रत्येकाचा टापू वेगळा ठरला.

एक नाव, अनेक वंश. स्केलेटोनेमा कोस्टॅटम हा डायाटम जगभरच्या किनारी पाण्यात सापडतो, असे पूर्वी मानले जाई. पेशींच्या टोकांचे काटे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहून आणि रायबोसोमचे (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेचे) जनुक ताडून २००५ मध्ये त्यातून अनेक जाती वेगळ्या करण्यात आल्या. अशा दिसायला सारख्या, पण जनुकांनी वेगळ्या जातींना गुप्त जाती म्हणतात. कोपेपॉडांमध्ये अडचण आणखी रोजची आहे. कॅलॅनस फिनमार्किकस आणि कॅलॅनस ग्लेशिॲलिस यांची ओळख बरीच वर्षे मुख्यतः शरीराच्या लांबीवरून पटवली जात होती. दोघांच्या लांबीचे पल्ले एकमेकांत शिरतात, त्यामुळे उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिकच्या जुन्या नोंदींमध्ये यांची सरमिसळ आहे. असे नमुने आता डीएनएच्या खुणांवरून तपासूनच वापरावेत.

उलट उदाहरणेही आहेत. काही प्लवकी फोरॅमिनिफेरांचा (कवच असलेल्या एकपेशीय सजीवांचा) रायबोसोम जनुकाचा अनुक्रम आर्क्टिक आणि अंटार्क्टिक या दोन्हींकडच्या थंड पाण्यात हुबेहूब सारखा असल्याचे २००० मध्ये दिसले. उष्ण कटिबंधाचा अडसर त्यांनी भूशास्त्रीय दृष्टीने अलीकडेच ओलांडला असला पाहिजे. ‘सर्व काही सर्वत्र असते, निवड परिस्थिती करते’ हे १९३४ मधले डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बास बेकिंग यांचे विधान म्हणूनच सरसकट खोडताही येत नाही आणि मान्यही करता येत नाही. ते किती खरे, हे आपण किती बारकाईने पाहतो त्यावर ठरते.

प्रोक्लोरोकॉकस. हा बारकावा या जिवाणूइतका स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतो. पेशीचा व्यास ०.५ ते ०.७ मायक्रोमीटर, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या ज्ञात सजीवांत हा सर्वांत लहान. फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी प्रकाशझोतातून नेऊन मोजणारे यंत्र) जहाजावर नेल्यानंतर, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, तो लक्षात आला. साधारण ४० अंश उत्तर ते ४० अंश दक्षिण या पट्ट्यातल्या पोषकद्रव्ये कमी असलेल्या पाण्यात मिलिलिटरमागे लाखभर पेशी मिळू शकतात. जगभरातली एकूण संख्या २९ वर २६ शून्ये इतकी मोजली जाते.

१६एस या, जिवाणू ओळखायला वापरल्या जाणाऱ्या रायबोसोम जनुकाच्या हिशेबाने ही सगळी मंडळी एकाच जातीत बसतील, कारण त्यांच्यातला फरक ३ टक्क्यांच्या आत आहे. वागणे मात्र निरनिराळे. तीव्र प्रकाश सोसणारे वंश वरच्या थरात राहतात. मंद प्रकाशातले वंश खाली, शंभर मीटर वा त्याहूनही खोल. वरच्या थरातही पुन्हा वाटणी आहे: एक उपगट उष्ण पाण्यात भरभराटतो, तर दुसरा उच्च अक्षांशांकडच्या थंड पाण्यात त्याची जागा घेतो. विषुववृत्तीय पॅसिफिकच्या लोहकमी पाण्यातल्या वंशांनी लोह लागणारी काही प्रथिनेच सोडून दिली आहेत. अरबी समुद्र आणि पूर्व उष्णकटिबंधीय पॅसिफिक येथील ऑक्सिजन-न्यून थराच्या माथ्यावर हरितद्रव्याच्या प्रमाणात जो दुसरा उंचवटा दिसतो, तो मंद प्रकाशातल्या वंशांमुळे.

प्रत्येक पेशीत साधारण दोन हजार जनुके असतात. त्यांपैकी हजार-बाराशे सर्व वंशांत समान आणि उरलेली बदलती. फॉस्फेट अत्यल्प असलेल्या सारगासो समुद्रातल्या पेशींत फॉस्फरस मिळवण्याची जनुके मुबलक आढळतात. हवाईजवळच्या पॅसिफिकमधल्या पेशींत ती कमी. म्हणजे नकाशा वंशाचा काढा किंवा जनुकाचा, दोन्ही जुळतीलच असे नाही. २०१४ मध्ये बर्म्युडाजवळच्या पाण्यातल्या एकेका पेशीचा जीनोम (संपूर्ण जनुकसंच) स्वतंत्रपणे वाचला तेव्हा तिथे शेकडो उपसमूह एकत्र नांदताना आढळले आणि ऋतूंनुसार त्यांचे प्रमाण बदलत होते.

प्रवाह, तापमान आणि अक्षांश. वाहून जाणारा सजीव कुठे पोहोचतो हे अंतरापेक्षा प्रवाहाला लागणाऱ्या वेळावर ठरते. ‘तारा’ या शिडाच्या संशोधन नौकेने २००९ ते २०१३ दरम्यान गोळा केलेल्या नमुन्यांवरून असे दिसले की, पृष्ठप्रवाहाने सुमारे दीड वर्षापर्यंतच्या वाटेवर असलेल्या ठिकाणांमध्ये समुदायातला फरक प्रवासाच्या काळाशी चांगला जुळतो; त्यापुढे हा संबंध सैल होतो. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी हिंदी महासागराचे पाणी अगुल्हास प्रवाहाच्या प्रचंड भोवऱ्यांतून दक्षिण अटलांटिकमध्ये शिरते. भोवऱ्यातले पाणी वाटेत थंड होते, ढवळले जाते आणि समुदाय बदलत जातो. ही वाट सगळ्यांना सारखी खुली नाही.

पृष्ठभागाजवळच्या जिवाणूंच्या समुदायाची रचना सर्वांत जास्त तापमानाशी जुळते, हा याच मोहिमेचा २०१५ मधला निष्कर्ष. त्यासाठी ६८ ठिकाणच्या २४३ नमुन्यांतून सुमारे ४ कोटी जनुकांची सूची तयार झाली. दृश्यकेंद्रकी (पेशीत केंद्रक असलेल्या) प्लवकांचे सुमारे दीड लाख प्रकार निघाले आणि त्यांतले जवळपास एक तृतीयांश कोणत्याही ज्ञात गटात बसवता आले नाहीत. बहुतेक गटांची विविधता उष्ण कटिबंधात जास्त आणि ध्रुवांकडे कमी असते. विषाणूंनी मात्र हा नियम मोडला: आर्क्टिक महासागर त्यांच्या विविधतेचा एक बालेकिल्ला निघाला.

नमुना घेताना. एका जाळ्यात किंवा एका गाळणीत सर्व प्लवक येत नाहीत. सूक्ष्मजीवांसाठी चक्राकार चौकटीत बसवलेल्या बाटल्यांनी ठरावीक खोलीवरचे पाणी वर आणतात, ते आधी ३ मायक्रोमीटरच्या व मग ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढतात. गाळणी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० अंशांवर ठेवतात. गाळण्यात वेळ गेला तर समुदाय बाटलीतच बदलतो, आणि दाब वाढवला तर नाजूक पेशी फुटून त्यांचा डीएनए गाळणीतून निसटतो. प्राणिप्लवकांसाठी २०० मायक्रोमीटर छिद्राचे जाळे उभे ओढतात. तोंडाशी प्रवाहमापक नसेल तर किती पाणी गाळले हे कळत नाही, शिवाय बहराच्या काळात छिद्रे बुजून जाळे पाणी घेईनासे होते. नमुना फॉर्मेलिनमध्ये ठेवला की आकार टिकतो, पण डीएनए बिघडतो. त्यामुळे तो ओढल्यावर लगेच दोन भागांत वाटावा आणि जनुकीय कामाचा भाग ९५ टक्के इथेनॉलमध्ये घालावा. कोपेपॉडांची गर्दी असेल तर त्यांच्या शरीरातल्या पाण्याने इथेनॉल पातळ होते, म्हणून ते पहिल्या चोवीस तासांत एकदा बदलावे.

मोजणीतले चकवे. अनुक्रमांची संख्या म्हणजे पेशींची संख्या नव्हे. डायनोफ्लॅजेलेटच्या एका पेशीत रायबोसोम जनुकाच्या हजारो प्रती असू शकतात, तर काही सूक्ष्म शैवालांत त्या मोजक्याच. त्यामुळे आलेखात डायनोफ्लॅजेलेट फुगलेले दिसतात. पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) करताना वापरले जाणारे प्रायमर, म्हणजे प्रती काढायची सुरुवात ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, तेही पक्षपाती असतात. एसएआर११ हा जिवाणूगट समुद्रातल्या सूक्ष्मजीव पेशींचा सुमारे पाव हिस्सा आहे, तरी एका लोकप्रिय प्रायमर-जोडीतला एक प्रायमर त्याच्याशी नीट जुळत नव्हता आणि गट प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत होता. सुधारित जोड्या २०१५-१६ मध्ये आल्या. जुने व नवे निकाल शेजारी ठेवण्याआधी कोणता प्रायमर वापरला होता ते पाहिलेच पाहिजे, नाहीतर प्रायमरचा फरक काळाच्या ओघात झालेला बदल म्हणून वाचला जातो. प्रत्येक तुकडीबरोबर नमुन्याचे पाणी न गाळलेली कोरी गाळणीही चालवावी, कारण अभिकर्मकांतला (वापरल्या जाणाऱ्या रसायनांतला) डीएनए कमी पेशींच्या खोल पाण्यातल्या नमुन्यांत सहज डोके वर काढतो.

खोलवर एखादा प्रकाशसंश्लेषक वंश सापडला, तर तो तिथे जगतोच असे धरू नये. मेलेल्या पेशी आणि विष्ठागोळ्या वरून खाली बुडत असतात, त्यांच्याबरोबर डीएनएही उतरतो. अशा वेळी आरएनए तपासणे किंवा फ्लो सायटोमीटरने अखंड पेशी वेगळ्या काढून मगच वाचणे अधिक खात्रीचे.