वाचलेले १० टक्के, केलेले ९० टक्के? हे आकडे आले कुठून

शिक्षक प्रशिक्षणात एक त्रिकोण हमखास दाखवतात: वाचलेले १० टक्के लक्षात राहते, ऐकलेले २०, पाहिलेले ३० आणि स्वतः केलेले ९०. खाली नाव असते अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचे.

डेल यांनी १९४६ मध्ये ‘अनुभवांचा शंकू’ मांडला, हे खरे. पण त्यात एकही टक्केवारी नव्हती. प्रत्यक्ष अनुभवापासून शब्दांपर्यंत माध्यमे किती अमूर्त होत जातात, एवढेच तो दाखवत होता. या आकृतीचा शब्दशः अर्थ घेऊ नका, असेही त्यांनी बजावले होते. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले आणि त्यांच्यामागे प्रयोग सापडत नाही. इतके गोल आकडे पाहूनच शंका यायला हवी होती. शिवाय काय वाचले, कुणी वाचले, किती दिवसांनी विचारले, हे न सांगता टक्केवारीला अर्थच उरत नाही.

याचा तोटा मुलांना होतो. वाचन कमकुवत ठरवून बाजूला सारले जाते आणि हात चालले म्हणजे शिकणे झाले, असे गृहीत धरले जाते.

स्मरणावर खरा प्रकाश टाकणारे काम वेगळेच आहे. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवले. दोन्ही गटांनी सुरुवात वाचनानेच केली होती.